आईंची वेताची खुर्ची आणि आडवा स्पीकर

सासूबाईंना कमी ऐकू येतं, यावर घरात सगळ्यांचं एकमत झालं होतं. वय ७४, कानाच्या डॉक्टरांनी काढलेला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, फाइलला लावलेला, आणि टीव्ही लागला की दर पाच मिनिटांनी "काय म्हणाला रे तो?" हा प्रश्न. दोष स्पीकरचा असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही, कारण ते स्पीकर मी बनवले होते.

प्रकरण ठाण्यातलं, पाचपाखाडीतल्या माझ्या मेहुण्याच्या हॉलमधलं. हॉल १६ बाय ११ फूट. टीव्ही लांब भिंतीच्या मधोमध टांगलेला, समोरच्या भिंतीला टेकून सोफा, आणि बाल्कनीच्या दाराशी आईंची वेताची उंच खुर्ची. सोफ्यात बसल्या की गुडघ्यांमुळे त्यांना उठता येत नाही, शिवाय त्या खुर्चीतून खालचा रस्ता दिसतो. टीव्हीच्या मध्यापासून ती खुर्ची आठ फूट पुढे आणि साडेचार फूट बाजूला आहे. कोन काढला तर जवळजवळ ३० अंश भरतो. पण तो मी काढला कधी, तर सगळं बिनसल्यावर. आधीच्या माझ्या नकाशात फक्त सोफा होता.

काय बनवलं होतं

मेहुण्याला तयार सेट नको होता. "दाजी, तुम्हाला येतं ना, मग आपणच करू," म्हणाला. ठरलं ते असं: डावा आणि उजवा असे दोन छोटे स्पीकर, प्रत्येकात खालच्या सुरांसाठी एक पाच इंची वूफर आणि वरच्या सुरांसाठी एक इंची रेशमी डोमचा ट्वीटर, टीव्हीखाली संवादांसाठी मधला, म्हणजे सेंटर, आणि कोपऱ्यात खोल बेससाठी विकतचा सबवूफर. मागचे दोन स्पीकर जुनेच ठेवले.

पेटी किती लिटरची हवी हे अंदाजाने ठरवायचे दिवस कधीच गेले. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांनी १९६० आणि ७०च्या दशकांत वूफरचं वागणं मोजक्या आकड्यांत बसवून दिलं, आणि आज कोणत्याही बऱ्या वूफरसोबत ते आकडे मिळतात. आमच्या वूफरचा एफएस (तो स्वतः ज्या सुरावर घुमतो तो) ४३ हर्ट्झ, क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलेलं आहे ते) ०.३८, व्हीएएस (त्याच्या लवचिकतेइतकी हवा) १५ लिटर. सहा लिटरच्या बंद पेटीत तो घातला की पेटीचा नाद ८० हर्ट्झवर येतो आणि क्यूटीसी, म्हणजे पेटीत बसवल्यावरचा क्यूटीएस, ०.७१. हे आकडे मुद्दाम गाठलेले. अशी बंद पेटी ८० हर्ट्झच्या खाली दर सप्तकाला १२ डेसिबलने आपणहून उतरते. एव्हीआर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर, 'स्मॉल' म्हणून नोंदवलेल्या स्पीकरला ८० हर्ट्झचा गाळणा लावतो, त्याचे आणखी १२. दोन्ही मिळून २४ डेसिबलची उतरण होते आणि ती सबवूफरच्या २४ डेसिबलच्या उतरणीशी चपखल जुळते. सिनेमाच्या आवाजाचे दर्जे ठरवणाऱ्या टीएचएक्सवाल्यांची युक्ती हीच. पेटीला पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, पाडून खोल बेस मिळवायचा मोह मेहुण्याला होता, पण सब असताना त्या भोकाचा उपयोग पाली आणि झुरळांनाच.

सामान जमवण्यात चार रविवार गेले. ठाणे-दादर-ग्रँट रोड करून लॅमिंग्टन रोडवरून कपॅसिटर आणि सिमेंटचे रेझिस्टर आणले. कॉइलसाठी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून एनॅमलची तार किलोवर घेतली आणि घरीच गुंडाळल्या. १८ मिलिमीटरचं एमडीएफ वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात मापाने कापून घेतलं. पेटीत भरायला गादीवाल्याकडून उशीचा रिक्रॉन. एमडीएफच्या कापलेल्या कडा बिस्किटासारखं पाणी ओढतात, म्हणून रंगाआधी कडांना पातळ केलेलं फेविकॉल दोनदा पाजलं, वर लांबी, मग पॉलिश पेपर. ठाण्याच्या जुलैत टिकायचं तर हे टाळून चालत नाही.

सेंटर मी दुकानात दिसतो तसा केला. आडवी पेटी, ५९ सेंटिमीटर रुंद, मधे ट्वीटर, दोन्ही बाजूंना एकेक वूफर. दोन्ही वूफर समांतर जोडलेले, दोन्हींना सारखाच क्रॉसओव्हर (खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारं सर्किट), २४०० हर्ट्झला. दोन वूफरांच्या केंद्रांमधलं अंतर २६ सेंटिमीटर. टीव्ही आणि युनिट यांच्यात २२ सेंटिमीटरची फट होती, त्यात ही पेटी अशी काही बसली की वहिनींनीसुद्धा कौतुक केलं. दिवाळीत उद्घाटन झालं. सोफ्यावर मधोमध बसलो तर आवाज अगदी पडद्यावरच्या माणसाच्या तोंडातून यायचा.

अर्थात, सोफ्यावर मधोमध मीच बसलो होतो.

तक्रार आणि आमचे उपाय

आईंनी तक्रार अशी कधी केली नाही. जावयाने बनवलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, ही त्यांची पद्धत. त्या फक्त विचारायच्या, "काय म्हणाला?" आणि थोड्या वेळाने विचारायचंही सोडायच्या, रस्त्याकडे बघत बसायच्या. हे जास्त वाईट होतं.

आम्ही सेंटरची पातळी तीन डेसिबलने वाढवली, मग पाचने. एव्हीआरचा मोठे आवाज दाबणारा नाइट मोड लावून पाहिला. संवाद ठळक करणारी सोयही चालू केली. डिसेंबरात कान तपासून झाले. डॉक्टर म्हणाले, वयोमानाप्रमाणे वरच्या पट्टीतलं कमी झालंय, साधारण ३००० हर्ट्झपर्यंत बरं आहे, पुढे आलेख घसरतो. यंत्र वापरून बघायला हरकत नाही. आईंनी "बघू" म्हटलं. त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळतो.

पातळी वाढवली त्या रात्री मात्र त्या एक वाक्य बोलल्या होत्या, ते मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं: "आवाज मोठा झाला हो, शब्द नाही झाला."

लाईट गेली तेव्हा

जूनच्या पहिल्या पावसात संध्याकाळी लाईट गेली. मेहुण्याच्या इन्व्हर्टरवर दोन ट्यूब, पंखे आणि टीव्ही चालतो. एव्हीआर आणि सब नाही. टीव्ही आपणहून स्वतःच्या स्पीकरवर आला. पातळ पत्र्याच्या आवाजात मालिका चालू राहिली, आणि आम्ही स्वयंपाकघरात कांदाभजीच्या गडबडीत. पाऊण तासाने लाईट आली तेव्हा माझी बायको हळूच म्हणाली, "आज आईने एकदाही विचारलं नाही."

मला ते फार लागलं, खोटं कशाला सांगू. दोन महिने खपून केलेल्या सेंटरपेक्षा टीव्हीच्या पाठीतले दोन फुटकळ डबे बरे? पण कान जर तेच आणि खुर्ची तीच, तर बदललं होतं ते एकच.

हौजीची चाचणी

"आता बरं ऐकू येतं का?" असं विचारण्यात अर्थ नव्हता. जावयाला त्या "हो" म्हणणारच. मालिकेचा संवादही निरुपयोगी, कारण अर्धं वाक्य ऐकून पुढचं ओळखता येतं, आणि मालिकांत तर न ऐकताही. मला असे शब्द हवे होते ज्यांचा मागचा-पुढचा संदर्भ लागत नाही. मराठी अंकांसारखी सोय दुसरी नाही. बासष्ट आणि पासष्ट, बत्तीस आणि छत्तीस, सदुसष्ट आणि अडुसष्ट, सात आणि साठ. शिवाय आई सोसायटीच्या कोजागिरीला हौजीत हमखास फुल हाउस मारणाऱ्या. हाती कागद-पेन्सिल दिल्यावर त्यांना ही परीक्षा वाटलीच नाही.

बायकोच्या आवाजात पंचवीस-पंचवीस अंकांच्या पाच याद्या फोनवर रेकॉर्ड केल्या, प्रत्येकीत वेगळे अंक, आणि फक्त सेंटरमधून वाजवल्या. दर वेळी माइक ऐकणाऱ्याच्या डोक्याजवळ धरून आवाजाची पातळी सारखी ठेवली.

पहिली यादी, आई आपल्या खुर्चीत: २५ पैकी १३ बरोबर.

दुसरी यादी, उशांची थप्पी रचून त्यांना सोफ्याच्या मधोमध बसवलं: २१.

आता पाळी पेटीची. टीव्ही बंद केला, युनिटसमोर स्टूल ठेवलं आणि तीच पेटी, त्याच तारा, त्याच क्रॉसओव्हरसकट त्यावर उभी केली. ट्वीटर मधे, एक वूफर वर, एक खाली. आई परत आपल्या खुर्चीत. तिसरी यादी: २२.

एका माणसाची चाचणी, एका दुपारी. याला कोणी शास्त्र म्हणणार नाही, पण तेराचे बावीस होणं हा योगायोगही नव्हे. मेहुणा तोंडावर हात ठेवून उभ्या पेटीकडे बघत होता. म्हणाला, "दाजी, आपण ती नुसती आडवी पाडली म्हणून?"

तेरा सेंटिमीटर

हो, नुसती आडवी पाडली म्हणून. टेप घेतली. खुर्चीच्या पाठीपासून लांबच्या वूफरपर्यंत २ मीटर ८५, जवळच्या वूफरपर्यंत २ मीटर ७२. फरक १३ सेंटिमीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे १३०० हर्ट्झच्या आसपासच्या लहरीची लांबी २६ सेंटिमीटर. तिची अर्धी १३. दोन वूफर एकच शब्द एकाच क्षणी म्हणतात, पण आईंच्या खुर्चीत पोचेपर्यंत एकाचा दाब वर असतो तेव्हा दुसऱ्याचा खाली. १३०० हर्ट्झला ते एकमेकांना पुसून टाकतात. सोफ्याच्या मध्यावर दोन्ही अंतरं सारखी, म्हणून मला तिथे कधी काही खटकलं नाही.

वूफर-ट्वीटर-वूफर ही रचना जोसेफ डॅपोलिटो यांनी १९८३ मध्ये मांडली ती उभ्या पेटीसाठी. उभ्या पेटीत ही पुसापुशी वर-खाली होते, छताकडे आणि जमिनीकडे, आणि माणसं तर एका उंचीवर शेजारी-शेजारी बसतात. पेटी आडवी केली की तीच पुसापुशी नेमकी माणसांच्या रांगेवर येते. तरी दुकानांत सेंटर आडवेच का? टीव्हीखाली मावतात म्हणून. ती गरज फर्निचरची, कानाची नाही. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. वाचलं होतं, पण फट २२ सेंटिमीटरची होती आणि आडवी पेटी दिसत होती देखणी.

खात्री करायला एका रविवारी सकाळी साडेसहाला सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली घेतली. पाण्याच्या टाकीपासून लांब, दीड मीटर उंच घोडीवर पेटी आडवी ठेवली, मीटरभरावर माइक, लॅपटॉपवर आरईडब्ल्यू. हे मोजमापाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खालून वरपर्यंत चढत जाणारा 'ऊऽऽई' आवाज सोडायचा आणि पेटी दर वेळी पंधरा अंश फिरवायची. गच्चीवरून परत येणारा आवाज माइकला सहा मिलिसेकंदांनी उशिरा पोचतो, तेवढा कापून टाकला की उरतो तो स्पीकरचा स्वतःचा आलेख. समोरून तो जवळपास सरळ. १५ अंशांवर वरच्या बाजूला जरा मळलेला. आणि ३० अंशांवर १३०० हर्ट्झला वीस डेसिबलचा खड्डा, भोवतीच्या हजार ते सतराशेच्या पट्ट्याला सोबत खाली ओढणारा. शेजारच्या इमारतीतून एका काकांनी ओरडून विचारलं की हे कावळे हाकलायचं यंत्र आहे का.

तर मग कान निर्दोष होते का? नाही, आणि हे नंतर मला पेटीच्या चुकीपेक्षा महत्त्वाचं वाटलं. त्याच खुर्चीत मी स्वतः बसून यादी ऐकली, आडव्याच पेटीवर, तर २५ पैकी २४ आले. खड्डा माझ्यासाठीही तोच होता, पण व्यंजनांची वरची धार, तीन-चार हजारांच्या पुढची, मला शाबूत मिळत होती, आणि त्यावरून मेंदू मधलं गाळलेलं भरून काढत होता. आईंची ती धार वयाने नेलेली. त्यांची सगळी भिस्त मधल्या पट्टीवर. स्वर ओळखायची खूण, आणि शेजारच्या व्यंजनामुळे त्या स्वराला येणारं वळण, हे बरंचसं तिथेच असतं. नेमका तोच तुकडा मी आडव्या पेटीने काढून घेतला होता. ऑडिओग्राम वेगळा ठेवून बघितला तर एवढं विचारण्याइतका वाईट नव्हता, आणि पेटी माझ्यासारख्याने ऐकली तर ठीक वाटे. दोन्हींची बेरीज त्या एका खुर्चीत होत होती. सेंटरची पातळी वाढवून काही उपयोग का झाला नाही, हेही यात आलं: शून्याला पाच डेसिबल जोडून हाती काय लागणार?

दुरुस्ती, एक फसलेली आणि एक जमलेली

पहिला विचार स्वस्तातला. पेटी आडवीच ठेवायची, पण एका वूफरच्या मार्गात दोन मिलीहेन्रीची कॉइल घालून त्याला पाचशे हर्ट्झच्या वर गप्प करायचं. मग १३०० ला एकच वूफर बोलेल आणि भांडण मिटेल. यालाच अडीच-वे म्हणतात. तार घरात होती, एका संध्याकाळी काम झालं. चौथी यादी: १७.

तेराच्या मानाने बरं, पण बावीस नव्हे. परत गच्ची. आता १३०० चा खड्डा बुजला होता, मात्र २६०० च्या आसपास नवा पडला होता. कारण चालू वूफर आणि ट्वीटर हेही आता शेजारी-शेजारी, १३ सेंटिमीटरवर. ३० अंशांतून त्यांच्या अंतरात साडेसहा सेंटिमीटरचा फरक, आणि हे नेमकं क्रॉसओव्हरच्या जवळ, जिथे दोघंही बोलत असतात. खड्डा मिटवायच्या नादात मी तो वर सरकवला होता.

दुसरा मार्ग तीन-वेचा. मधल्या सुरांसाठी छोटा मिडरेंज आणि त्याच्या डोक्यावर ट्वीटर असा उभा जोड मधे, आणि वूफर फक्त खालचं सांभाळायला दोन्ही टोकांना. आडवा सेंटर करायचाच तर तो असाच करावा, असं माझं आता मत आहे. पण त्याला नवे ड्रायव्हर (वूफर, मिडरेंज, ट्वीटर या सगळ्यांचं एकच नाव), नवा क्रॉसओव्हर आणि मेहुण्याचा आणखी एक पगार लागला असता.

तिसरा मार्ग सगळ्यात सरळ होता: डाव्या-उजव्यासारखीच तिसरी पेटी, तशीच उभी. एक वूफर आणि एक ट्वीटर तर हातातच होते, आडव्या पेटीतून निघालेले. उंची २९.६ सेंटिमीटर. अडचण एकच, फट २२ ची. टीव्ही चार इंच वर न्यावा लागणार.

यावर घरात जी चर्चा झाली ती क्रॉसओव्हरच्या चर्चेपेक्षा लांबली. टीव्हीमागे वहिनींनी हौसेने लावून घेतलेलं लाकडी पॅनेल होतं आणि त्यात आता चार नवी भोकं. मेहुण्याला मानेची काळजी. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "आई दहा महिने रस्ता बघत बसल्यात. काढा भोकं." सुतार बोलावला, ब्रॅकेट वर सरकलं, जुनी भोकं लांबी भरून पॅनेलच्या रंगात बुजवली. जवळ गेलं की दिसतात. वहिनी जवळ जातात.

नव्या पेटीखाली पुढच्या बाजूला अर्ध्या इंचाची पट्टी देऊन ती जरा वर बघेल अशी केली, म्हणजे ट्वीटर कानांच्या रोखाने राहतो. एक फायदा न मागता मिळाला: आधी सेंटर दोन समांतर वूफरांमुळे चार ओमचा होता आणि एव्हीआरच्या पाठीवर छापलं होतं की स्पीकर सहा ते सोळा ओमचेच चालतील. आता तिन्ही पेट्या आठ ओमच्या आणि एकाच सुराच्या. पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडे गेली की मधे तिचा आवाज बदलत नाही.

पाचवी यादी, आई खुर्चीत, नवी पेटी उभी: २२.

तीन चुकले ते असे: सातचं साठ, साठचं सात, आणि छत्तीसचं बत्तीस. मी तो कागद परत आधीच्या कागदांशी ताडून पाहिला. उभ्या मोठ्या पेटीच्या वेळीही याच जातीचे तीन चुकले होते, आणि सोफ्यावर मधोमध बसल्या तेव्हाही, एक वगळता. छ, ठ यांची जी सूक्ष्म धार वर, तीन-चार हजारांच्या पुढे असते, तीच गळत होती. तिथे कुठलीही पेटी, आडवी किंवा उभी, काही करू शकत नव्हती.

आईंनी पाचही कागद मागून घेतले, चष्मा लावून पाहिले. "म्हणजे एवढे तुमचे होते," पहिल्या कागदावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "आणि हे तीन माझे." मग कागदांची घडी घालून त्या कानाच्या फाइलमध्ये ठेवल्या आणि मेहुण्याला म्हणाल्या, "त्या डॉक्टरांना फोन लाव रे. यंत्र बघू म्हणाले होते ना, ते बघू या."